कोणतं जळगाव?

सारिका मूळची उंद्रीची, बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातली. पुण्यात तीन वर्षं नोकरीला होती तेव्हा तिने गाव सांगितलं की समोरचा हमखास म्हणायचा, "अरे वा, मग जवळच की! अर्ध्या तासात घरी!" पुण्यालाही एक उंद्री आहे, आणि तिथल्या माणसांना दुसरी असू शकते हे काही केल्या पटत नाही. सारिका आधी समजावून सांगायची, मग नुसतं हसायची, मग आतल्या आत धुमसायची. शेवटी बुलढाण्याला परत आली आणि अविनाश सरांच्या चार टेबलांच्या ऑफिसात प्रोग्राम लिहू लागली.

त्या मंगळवारी चार वाजता तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचे ऑनलाइन अर्ज तिने लिहिलेल्या प्रोग्राममधून भरले जात. वसतिगृह फक्त जिल्ह्यातल्या मुलींसाठी, आणि मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. तानाबाई नावाच्या एका आईचा चौथा फोन आला होता. त्यांच्या मनालीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. वसतिगृह मिळालं नाही तर पोरगी घरी बसणार.

"मॅडम, काऊन नाही घेऊन राह्यलं हो ते? दरखेपेले 'अर्ज स्वीकारता येत नाही' म्हन्ते. पोरगी रडून राह्यली."

"काकू, थांबा. मी पाहते."

पाहते म्हणजे काय पाहणार, कपाळ! सारिकाने स्वतःच्या कम्प्युटरवर तसाच अर्ज भरला, गाव टाकलं उंद्री. झटकन मंजूर. पुन्हा भरला, पुन्हा मंजूर. घरात गरीब गाय आणि दाराबाहेर मारकी, असलं हे काय प्रकरण?

मग तिने नको तेच केलं. चालू सर्व्हरला डीबगर लावायचा नाही, असं सरांनी शंभरदा बजावलं होतं. पण सर होते बाहेर. डीबगर म्हणजे चालत्या प्रोग्रामची कॉलर धरायची, हव्या त्या ओळीवर त्याला उभं करायचं आणि खिशात काय काय आहे ते बघायचं. तिने तपासणीच्या ओळीवर खूण केली आणि तानाबाईंना कळवलं, "मनालीला पुन्हा भरायला सांगा."

प्रोग्राम थांबला. नाव: अपेक्षा. गाव: मेहकर.

ही कोण बया? सारिकाने तिला सोडलं. पुन्हा थांबला. नाव: मयुरी. गाव: देऊळगाव राजा. अगं बाई, मनाली कुठे गेली? एवढ्यात ऑफिसचा फोन खणखणला. कुणी म्हणे साइट लटकली, कुणी म्हणे पान उघडतच नाही. लटकणारच! सर्व्हर एकच, सारिका एकीचा अर्ज धरून बसली की जिल्हाभरच्या पोरी जागच्या जागी खोळंबायच्या. कुणाला सोडू, कुणाला धरू, काही कळेना.

पावणेपाचला मनाली सापडली. गाव: जळगाव.

"अस्सं! ही तर बाहेरची!" मागच्या वर्षी शेजारच्या जळगाव जिल्ह्यातून ढीगभर अर्ज आले होते, म्हणून तिनेच ओळ लिहिली होती: जळगाव असेल तर नाकारा, पूर्ण 'जळगाव जामोद', म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं, असेल तरच घ्या. म्हणजे प्रोग्राम बरोबर. पण मग ही बाई वऱ्हाडी कशी बोलते? प्रोग्रामही खरा आणि बाईही खरी, असं कसं होईल? तिने फोन लावला.

"काकू, तुम्ही कोणत्या जळगावच्या?"

"कोनत्या म्हंजे? जळगावच्या!"

"खानदेशातल्या का?"

"तिकडं कायले जाऊ वो मी? आमचं जळगाव. आता आपल्याच गावाले आपन जामोद जामोद करत बसावं का?"

उंद्री म्हटलं की 'जवळच की!' म्हणणारी ती पुण्याची माणसं सारिकाला आठवली, आणि त्यांच्याच रांगेत आपण उभ्या आहोत हे दिसलं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पाचला दहा कमी. ओळ दुरुस्त करून सर्व्हर पुन्हा सुरू करायला वेळ नव्हता. पण थांबलेल्या प्रोग्रामच्या खिशातली चीज बदलता येते. तिने नाव पुन्हा वाचलं, मनालीच. 'जळगाव'पुढे 'जामोद' टाकलं आणि अर्ज सोडला. फोनमधून तानाबाई ओरडल्या, "घेतलं वो माय, घेतलं!" सारिकाने खूण काढली आणि डोळे पुसले.

मग नाकारलेल्या अर्जांची यादी उघडली. नुसतं 'जळगाव' लिहिलेल्या आणखी अकरा मुली त्यात होत्या, आणि कोणतं जळगाव हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात सर आले, लालबुंद.

"साइट कोनं लटकवली?"

"मी, सर. पण त्याहून मोठी चूक दुसरीच आहे." तिने यादी पुढे केली.

सरांनी आधी यथेच्छ झाडलं, मग संस्थेच्या वंदना मॅडमना फोन करून त्या अकरा जणींसाठी उद्या दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली. नंबर फिरवायचं काम मात्र सारिकाच्या गळ्यात पडलं. पहिला नंबर लागला, पलीकडून एका बाईने संशयाने विचारलं, "कोन बोलून राह्यलं?"

"मी सारिका, उंद्रीची," ती म्हणाली, आणि घाईघाईने पुढे म्हणाली, "आपल्या उंद्रीची."

"मंग उंद्री अजून कोनती असते?" बाई म्हणाली.