चार्जरवरचं स्टिकर

काल नव्या चार्जरचं खोकं उघडलं आणि बारीक अक्षरांतल्या स्टिकरवर नजर अडकली: घरगुती वर्ग, रेडिओत अडथळा न आणण्याचे नियम पाळणारं यंत्र. हुबेहूब असंच स्टिकर काही वर्षांपूर्वी बल्लारपूरच्या बाजारातून घेतलेल्या लॅपटॉपच्या स्वस्त चार्जरवर होतं. तेव्हा मी जंगलात गळ्यात रेडिओ-पट्टा असलेल्या एका वाघिणीच्या नोंदी ठेवायचे. पहाटे मोहफुलं वेचायला येणाऱ्या बाया टोपल्या घेऊन जंगलाच्या कडेला थांबायच्या आणि माझ्यासोबत अँटेना फिरवून वाघिणीचा माग काढणाऱ्या भाऊंनी ती जवळ नाही असं सांगितलं की मगच आत शिरायच्या. त्या दिवशी रिसीव्हर नुसता खरखरत होता. "मॅडम, लॅपटॉप बंद करा, मले काई ऐकू येऊन नाई राह्यलं," भाऊ म्हणाले. लॅपटॉप मी बंद केला, पण चार्जर जीपच्या इन्व्हर्टरलाच राहिला. खरखर थोडी कमी झाली. भाऊंनी बराच वेळ कान दिला आणि म्हणाले, "नाई इथी. जा वं बायांनो." बाया झाडांत दिसेनाशा झाल्यावर मी चार्जर उपटला आणि त्याच दिशेकडून पट्ट्याची टक्‌टक्‌ स्पष्ट ऐकू आली, अगदी जवळून. भाऊ ओरडत धावले. बाया एकेक करून बाहेर आल्या. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी, ओच्यातली फुलं सांभाळत, सावकाश. "काऊन बोंबलता जी?" तिनं विचारलं. भाऊ घाम पुसत मला म्हणाले, "माहे कान गेले वाटते, मॅडम." चार्जर माझ्या मुठीत अजून गरम होता. पुढच्या मोहफुलांच्या हंगामाआधीच भाऊंनी ते काम सोडलं. स्टिकर खोटं होतं, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलंय. पण भाऊंचे कान शाबूत आहेत हे ठाऊक असूनही गप्प बसले ती मी.