जास्वंदीचा कण नामंजूर

आमचे हे प्लांटच्या लॅबमधून रिटायर झाले, पण तपासायची खोड काही गेली नाही. जन्मभर पोलादाचे तुकडे कापले, घासून चकचकीत केले, मायक्रोस्कोपखाली धरले आणि त्यांच्यातली खोट शोधली. आता वैशाली नगरच्या घरात पोलाद कुठून आणायचं? मग माझ्या पोळ्या तावडीत सापडतात. पोळी उजेडाकडे धरून म्हणतात, "याले क्रॅक आहे." मी म्हणते, "असू द्या. भाजीसोबत पोटातच जाणार आहे."

मुलीनं मेकॅनिकलची सीट सोडून वनस्पतीशास्त्र घेतलं, तेव्हा या माणसाचं तोंड जे वाकडं झालं ते झालंच. "फुलं पूजेले लागते. त्याच्यात कायचं संशोधन?" एवढं बोलून विषय बंद. ती पुण्याला गेली, फुलांच्या परागकणांवर पीएचडी करू लागली. चार वर्षं झाली, बापलेकीचं फोनवरचं बोलणं एकच: "जेवली का? पाऊस आहे का? घे, आईसोबत बोल." एकदा ती मला आमच्या इकडच्या हिंदी मिसळलेल्या मराठीत म्हणाली, "आई, बाबा एकदा तरी पूछें ना, की मी करते काय दिवसभर." मी काय सांगणार, कप्पाळ? यांना म्हटलं तर म्हणत, "मले त्यातलं काय समजते?"

आणि एक दिवस कुरिअरनं चहाचा मग आला. पांढरा, जाडजूड. त्यावर करड्या रंगाचा मोठा गोळा आणि गोळ्याला सगळीकडून काटे. मला तर लवंगा टोचलेला लाडूच वाटला. सोबत चिठ्ठी होती: हा जास्वंदीचा परागकण आहे, फोटो मी स्वतः काढला, बाबांसाठी.

बाबांनी तो मग हातात घेतला, चष्मा पुसला, ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि खिडकीशी जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर मगावर हात ठेवला. "याच्यात नको ओतू. सॅम्पल आहे."

"अहो, मग आहे तो!"

"मले पाहू दे."

दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे, लॅबमध्ये लिहायचे तसा, सुवाच्य अक्षरात रिपोर्ट लिहिला. कण गोल. काटे एकसारखे. डाव्या अंगाला तीन काटे दबलेले. फोटोत मोजपट्टी नाही, त्यामुळे आकार कळत नाही. खाली लाल पेनानं: नामंजूर. आणि सही!

मी वाचला आणि डोकंच फिरलं. "पोरीनं जीव ओतून फोटो काढला, हौसेनं तुमच्यासाठी मगावर छापला, अन् तुमी नामंजूर? काही लाज?"

तर हा बाबा खरोखर गोंधळला. "मंग बिघाड नव्हता तं फोटो कावून काढला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यांच्या लॅबमध्ये चांगल्या तुकड्यापुढे रजिस्टरात नुसतं 'ओके' लिहीत आणि तुकडा भंगारात टाकत. फोटो निघायचा तो फक्त खराब मालाचा. म्हणजे यांना वाटलं, पोरगी अडली आहे, खोट सापडत नाही, म्हणून तिनं बापाकडे पाठवलं! मी समजावायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "पाठवला मी तिले रिपोर्ट. सकाळीच. व्हॉट्सअ‍ॅपवर."

देवा! मी फोन हिसकावून पाहिला. दोन निळ्या खुणा. वाचलेलं. उत्तर नाही. वरण करपलं तरी मी तिथंच उभी. आता पोरगी घरी फोन करणंसुद्धा सोडते, असं वाटलं.

दुपारी फोन आला. "आई, बाबांना दे." जेवलीस का विचारायचीही सोय ठेवली नाही. मी स्पीकर लावला आणि देवाचं नाव घेतलं.

"बाबा, तीन काटे दबलेत, हे तुम्हाला दिसलं?"

"दिसलं तं. पॉलिश करताना दाब पडला असन."

"पॉलिश नाही करत, बाबा. कण सुकवताना होतं ते. मेरे सर को भी नहीं दिखा था. आणि फोटोत मोजपट्टी होती, छापताना मगवाल्यानं कापली."

"असं? मंग सुकवता कसं तुमी? एवढासा कण, धरता कायनं?"

मी पदर तोंडाशी धरला. चार वर्षांत पहिल्यांदा या माणसानं तिला तिच्या कामाचं विचारलं होतं, आणि त्याला स्वतःला याचा पत्ताही नव्हता.

यांनी फोनवर टकटक केलं.

"हॅलो? लाइन गेली का?"

"नाही, बाबा. आहे मी." आवाज चांगलाच भिजलेला.

हे घाबरले. माझ्याकडे पाहिलं, मी काही मदत केली नाही. मग खुर्ची पुढे ओढून फोनजवळ वाकले आणि जन्मात कधी काढला नव्हता इतका मऊ आवाज काढून म्हणाले, "अवं, रडू नको. एकच कण रिजेक्ट केला, पूर्ण लॉट नाही केला. दुसरा मायक्रोस्कोपखाली लाव. मी पाहून राहिलो नं तुह्यासंगं."