बाबांची हेराल्ड, गिरडचा चढ आणि माझी लबाडी

वसंतानं फोनवर आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, तेव्हाच मला संशय आला. माझा हा धाकटा भाऊ वर्ध्याला पाइप-नळांचं दुकान चालवतो आणि फोनवर दोन वाक्यांपलीकडे जात नाही. तिसऱ्या वाक्यात खरं काय ते बाहेर पडलं. बाबांच्या हेराल्डमध्ये त्याला नवीन इंजिन बसवायचं होतं. सोबत एसी, पॉवर स्टिअरिंग आणि वरून काळा रंग, तोही बिनचमकीचा.

ज्यांनी ही गाडी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन दारांची, बुटकी, सायीच्या रंगाची, कुणी हाक मारल्यासारखे चकित दिवे. बॉनेट उघडलं की दिव्यांसकट अख्खं तोंड पुढे वाकतं, जणू नमस्कार करते आहे. आमच्या भागात चालती हेराल्ड मला तरी दुसरी ठाऊक नाही. बाबांनंतर ती आम्हा दोघांची झाली. म्हणजे राहते वसंताकडे आणि तिची काळजी मी पुण्यातून करते.

"ताई, तू तिकडं पंख्याखाली बसून ओरिजिनल ओरिजिनल करतं," तो म्हणाला. "इथं एप्रिलात एकदा बसून पाह्य तिच्यात. मंग बोल."

मी म्हटलं, येते. आणि तिथेच पैज ठरली. आहे त्या इंजिनावर गाडीनं वर्ध्याहून गिरडच्या टेकडीचा चढ चढायचा, कुणी धक्का न देता. चढली तर तिच्यातलं काही बदलायचं नाही. अडली तर वसंता करेल ते मुकाट्यानं बघायचं.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघालं की सकाळी वर्ध्याला उतरता येतं. एप्रिलात जाणार असाल तर पाण्याच्या बाटल्या, टोपी आणि दोन कांदे जवळ ठेवा. कांद्यांवर हसू नका, तिकडे कुणी हसत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही गाडी घेऊन नाचणगावला गेलो. वर्ध्याहून देवळीमार्गे तासाभराचा सरळ रस्ता आहे. बाबांच्या वेळेपासून या गाडीला हात लावणारे गुलाबराव मिस्त्री तिथे राहतात. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पण कान असे की गाडी वळणावर असतानाच तिला काय होतंय ते सांगतात. त्यांनी बॉनेट वाकवलं, चाकावर बूड टेकलं आणि पेट्रोल ओढणाऱ्या पंपाकडे बोट दाखवलं. उन्हात इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. बाबा त्यावर ओलं फडकं टाकायचे, ते मलाही आठवत होतं.

वसंता पुलगावला एका गिऱ्हाइकाकडे गेला, तसे मिस्त्री जरा सरकून बसले.

"बाई, फडक्यानं गिरड होत नाई. विजेचा पंप हाय माह्याजवळ. मागं टाकीपाशी लावून देतो. बटन तुमच्या गुडघ्याजवळ. कोणाले दिसत नाई."

आता मी कॉन्व्हेंटात शिकलेली. परीक्षेत शेजारणीच्या वहीकडे मान वळली तरी रात्री सिस्टरच्या दारावर जाऊन कबुली देणारी. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना याच ब्लॉगवर मी उपदेश केले आहेत की खिळा बदलला तरी तो बदलच. मी सगळा मिळून एक चहा होईपर्यंत विचार केला आणि म्हटलं, लावा.

"वसंतभाऊले मी नाई सांगत," मिस्त्री म्हणाले, "पण थो पंप टिकटिक करते. थे तुमचं तुम्ही पाहा."

परतताना सावंगीला मेडिकलच्या पोरापोरींनी गाडीला गराडा घातला. फोटो झाले. एकीनं एसी कुठे आहे विचारलं, तेव्हा वसंतानं माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी त्यांना डाव्या दाराच्या खांबावरची पितळी मूठ दाखवली. बुटक्या गाडीतून उठताना धरायला कंपनीनं केवढा विचार केला होता, बघा. लहानपणी मी कायम त्या बाजूला बसायचे. बाबा गिअर टाकताना म्हणायचे, "धर घट्ट." वसंताला मात्र त्यांनी मिसरूड फुटायच्या आधी गाडी शिकवली. मी सुट्टीत होस्टेलवरून यायचे, डावीकडे बसायचे आणि मूठ धरायचे. अजूनही दर दिवाळीच्या आधी वसंताला फोन करून ती चिंचेनं घासायला लावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी तयार होते. वसंता आठला उठला. मग पोहे खायला बाहेरच जायचं म्हणाला. तर्रीपोहे अप्रतिम होते, दोघांचं चहासकट शंभरात भागलं, पण त्यानं तर्री तीनदा मागवली. मग टायरची हवा. मग हिंगणघाटला कुणा मित्राच्या दुकानात पाच मिनिटं, जी पाऊण तास चालली. मी घड्याळ दाखवलं की तो म्हणायचा, "जाऊन राह्यलो ना, ताई." गिरडच्या रस्त्याला लागलो तेव्हा डोक्यावर ऊन असं होतं की दाराच्या कडेला हात टेकवत नव्हता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा ऊन चढायची वाट बघत होता.

समुद्रपूर तालुक्यातला हा पट्टा सुंदर आहे. पळसाचा रंग ओसरत आलेला, कापूस निघून गेलेली काळी शेतं, मध्येच झाडीचे तुकडे. पण मला ते नीट बघता आलं नाही, कारण गाडीनं आचका दिला. एक, दोन. वसंताच्या मिशीखाली हसू आलं. मी रुमाल पडल्याचं निमित्त करून वाकले आणि बटण दाबलं.

टिक टिक टिक टिक.

मिस्त्रींनी सांगितलं होतं त्याच्या दुप्पट आवाज. मला सुचलं ते एवढंच की शाळेतली सकाळची प्रार्थना मोठ्यानं म्हणायला लागले. सगळी कडवी. संपली तशी पहिल्यापासून. गाडी सुरळीत झाली, टेकडी दिसली, चढ लागला. वसंतानं दुसरा गिअर टाकला आणि माझ्या तिसऱ्या आवर्तनाच्या मध्यावर आम्ही वर होतो. धक्क्याशिवाय.

मी मूठ धरून बाहेर आले. गुडघे कुरकुरले, पण मान ताठ होती.

"जिंकली," मी म्हटलं.

वसंतानं गाडीच्या मागच्या बाजूवर थाप मारली. "आधी टिकटिक बंद कर. बॅटरी उतरन."

मी आत वाकून बटण बंद केलं.

"सकाळची प्रार्थना भरदुपारी काऊन म्हणून राह्यली, एवढं समजत नाई का मले? म्या ऊन चढू देलं, तू पंप लावला. फिट्टमफाट."

टेकडीवरच्या सूफी संताच्या दर्ग्यात दर्शन घेऊन आम्ही सावलीत बसलो. इथे जायफळासारखे गोल दगड मिळतात. बाबा फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी कथा सांगतात. वसंता एक दगड उचलून म्हणाला, हा बदल तुझ्या शौकिनांना चालतो का विचार. मी हसू दाबलं आणि वाटाघाटीला बसले. पंप राहील, इंजिन जुनंच. काळा रंग नाही. एसीऐवजी छोटा पंखा, तोही सीटखाली. बाकी सगळं कंपनीचं मूळ, त्या पितळी मुठीपर्यंत.

वसंतानं हातातला दगड खाली ठेवला. "ताई, थे मूठ रेंगीची हाय."

रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. आईच्या माहेरी एक होती, चढायला दोन्ही बाजूंना पितळी मुठी असलेली. रेंगी मोडीत निघाली तेव्हा बाबांनी त्यातली एक आईच्या गुडघ्यांसाठी गाडीला बसवून घेतली. मी होस्टेलवर होते. सुट्टीत आले तेव्हा मूठ तिथे होती, आणि मी समजले की नेहमीचीच.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू चिंचेनं घासायले लावत होती. मले वाटलं, तुले माहीत हाय."

खाली उतरताना मी ती धरूनच बसले होते. परतीच्या वाटेवर बटण मी उघडपणे दाबलं. पंप टिकटिकत होता.

पुण्याला येऊन पंधरा दिवस झाले. सावंगीच्या त्या मुलीनं मुठीचा फोटो टाकून खाली 'कंपनीची मूळ' असं लिहिलं आहे. दुरुस्त करायला हवं. बघू.

काल वसंताचा फोटो आला. रेंगीची दुसरी मूठ माळ्यावर सापडली म्हणे, ती त्यानं चिंचेनं घासली. गुलाबरावांनी ती बसवली आहे, पण डावीकडे नाही. उजवीकडे, चालवणाऱ्याच्या दाराला.

मी लगेच फोन केला आणि रागावले की विचारल्याशिवाय गाडीत बदल कसा केलास. उजवीकडे बसणाऱ्या तुला कशाला हवी मूठ, तुझे गुडघे धड आहेत.

"माह्यासाठी नाई," तो म्हणाला. "दिवाळीत येजो. धर घट्ट, अन् क्लच हळू सोडजो."