निजवलेला द्वारपाल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच — ती गेली, तरी नाही. आणि आता सांगतोय तेही कसं, तर देवनागरीत लिहून. माझ्या घरात ही अक्षरं वाचणारं माझ्याशिवाय कुणी नाही. मुलांना आमचं मराठी कळतं, पण बोलायची वेळ आली की ती तमिळवर येतात, आणि वाचण्याचं तर नावच नको. म्हणजे कबूल करतानासुद्धा मी दाराला आतून कडी लावून बसलोय. असो. तुम्ही तरी वाचा.

आम्ही तंजावरचे. माझं लिहिणं तुमच्यासारखं वाटलं तर त्याचं कारण पुढे पुण्यात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेली अकरा वर्षं. ही गोष्ट त्याआधीची, घरोघरी केबल येत होती तेव्हाची. पापनाशमच्या रस्त्याला, कालव्याच्या काठी एक करमणुकीची बाग होती. पाळणे, चक्री, मुलांची आगगाडी, आणि सगळ्यात मागे एक लांबलचक पत्र्याची शेड. तिचं नाव पाताळलोक. दोघादोघांच्या लाकडी गाड्या रुळावरून त्या अंधारात शिरायच्या आणि सात-आठ मिनिटांनी दुसऱ्या टोकाला बाहेर पडायच्या. आत राक्षस, नागकन्या, यमाचा दरबार. शेवटच्या वळणावर दोन पुरुष उंचीचा द्वारपाल, हात पुढे केलेला.

ही सगळी मंडळी माझ्या मामानं केलेली. पंचनदराव — आम्ही पंचूमामा म्हणायचो. त्याच्या घरात गोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या, बाहुल्या करायचा पिढीजात धंदा. मान डोलवणाऱ्या तंजावरी बाहुल्या तुम्ही पाहिल्या असतील. मामानं तीच युक्ती मोठी केली होती. गाडीचं चाक रुळाखालच्या पट्टीवर आलं की दोरी ओढली जायची आणि यम मान हलवायचा. मूर्तींना एकही मोटर नाही, मोटर फक्त गाड्या ओढायला. कागदाचा लगदा, टॅपिओकाची खळ, बांबू, कुठे कुठे लोखंडी सळई. मला तिथे नोकरी लावली तीही मामानंच. मी पाताळलोकचा सुपरवायझर — म्हणजे शिट्टी आणि स्विच माझ्या हातात.

पाताळलोक केबलनं मारलं, असं तंजावरात आजही म्हणतात. डोकं फिरतं माझं ते ऐकून. टीव्हीनं मारलं, वॉटर पार्कनं मारलं, जमाना बदलला — किती सोयीचं आहे नाही? जमान्याला कुणी जाब विचारत नाही. शेड जुनी झाली होती, हे खरं. पत्र्यातून पाणी गळायचं, नागकन्येला बुरशी आली होती, वटवाघळं यमाच्या मुकुटात राहायची, आणि पूर्वी जिथे मुलं किंचाळायची तिथे आता हसायची. हसणं मामाला फार लागायचं. तरी तो रोज सकाळी खळीचं भांडं घेऊन आत शिरायचा, एकेकाची डागडुजी करायचा आणि पहिल्या रिकाम्या गाडीत स्वतः बसून फेरी मारून यायचा. ती शेड अजून दहा वर्षं चालली असती. मी सांगतो, चालली असती.

थोरले मालक वारले आणि त्यांचा मुलगा आला. त्याला आम्ही चिन्न मुदलाळी म्हणायचो, धाकटे मालक. गॉगल, कमरेला पेजर, तोंडात सदा मद्रास. त्याला फायबरचे डायनोसॉर हवे होते, धूर हवा होता, मोटरी हव्या होत्या. पण बापानं मरताना सांगून ठेवलं होतं की पंचनदराव आहे तोवर पाताळलोकला हात लावायचा नाही. मला एकदा बाजूला घेऊन तो म्हणाला की नव्या बागेत असिस्टंट मॅनेजर लागेल, तू शिकलेला आहेस. बी.कॉम. झालेला मी — शिट्टी वाजवून वाजवून विटलो होतो. त्या दिवसापासून मी मामाच्या कामात खोट काढायला लागलो. इथपर्यंत समजू शकता. तरुण माणूस, पुढे जायची घाई. पण समजून घेऊ नका, पुढे ऐका.

आमच्याकडे विजयादशमीला गोलूतली एक बाहुली आडवी करून ठेवतात. नऊ दिवस उभ्या राहिल्या, आता निजल्या, असं. दुसऱ्या दिवशी सगळ्या आवरायच्या. मामा हे पाताळलोकातही करायचा. दर विजयादशमीला चार वाजता फेऱ्या बंद, मग मामा आत जाऊन एकाला निजवणार, कापूर लावणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठवणार. थोरल्या मालकांच्या वेळेपासूनची रीत. दर वर्षी तो एखादी लहानशी मूर्ती निजवायचा, रुळापासून लांब. त्या वर्षी द्वारपालाचे पाय कुजले होते, म्हणून त्यानं त्यालाच आडवा केला.

बाहेर आला तेव्हा मी तिकिटाच्या खिडकीपाशी उभा होतो. खिडकीत सेल्वी होती, बाजूला इलेक्ट्रिशियन. मामा हात पुसत माझ्याशी बोलला, नेहमीसारखं आमच्या मराठीत. त्याचे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत —

"हे पाह, कडेच्या द्वारपालास निजिवलों आहे. त्याचा हात रुळावर पडला आहे. उद्यां सकाळीं येऊन मी उठिवतों. तोंवर गाडी सोडूं नको."

मी हो म्हणालो. तो घरच्या बाहुल्या निजवायला सायकलवरून निघून गेला.

पाचला धाकटे मालक आले. सुट्टीची गर्दी, फाटकापर्यंत माणसं. हे का बंद, त्यांनी विचारलं. रीत आहे, मी म्हटलं. ते हसले. असल्या खुळांवर तू बाग चालवणार का, म्हणाले. मला एवढंच सांगायचं होतं — आत रुळावर मूर्ती आहे, दोन माणसं द्या, उचलतो. एक वाक्य. का नाही सांगितलं? मामाच्या खुळात मीही सामील आहे असं त्यांना वाटेल म्हणून. आणि मनात म्हटलं, कागदाचा हात तर आहे, गाडी ढकलून देईल. त्या हातात सळई आहे हे मला माहीत होतं. लहानपणी मीच ती धरली होती, मामा लगदा चढवत असताना.

मी स्विच दाबला.

पहिल्याच गाडीत ओरत्तनाडूहून आलेला एक शिक्षक आणि त्याची सात वर्षांची मुलगी होती. गाडीनं तो हात वर उचलला आणि सळई मुलीच्या भुवईत शिरली. डोळा वाचला. थोडक्यात वाचला. ती ओरडली तेव्हा बाहेरच्या रांगेतली माणसं खुशीत आली, त्यांना वाटलं आत मजा आहे. तो आवाज आणि ते हसणं — जाऊ दे.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. मुलीला जखम झाली तो गुन्हा मोठाच. पण मी जे लपवलं ते दुसऱ्या दिवशीचं आहे.

सकाळी ऑफिसात आम्ही सगळे उभे. मालकांनी मामाला विचारलं, मूर्ती रुळावर ठेवलीस ते कुणाला सांगितलं होतंस का? सांगितलं होतं, मामा म्हणाला. कुणाला? मामानं माझ्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही, नुसतं पाहिलं. तेव्हा सेल्वी म्हणाली, हो सर, जाताना ते यांच्याशी काहीतरी बोलले, त्यांच्या भाषेत, मला कळलं नाही. इलेक्ट्रिशियननंही मान हलवली. मग सगळे माझ्याकडे वळले. काय म्हणाला तो?

त्या खोलीत मराठी कळणारी दोनच माणसं होती. मला पळवाट दिसली, आणि मी तिच्यात शिरायला क्षणही लावला नाही. मी सरळ तमिळमध्ये म्हणालो, "आईला सांगून थोडं सार पाठव म्हणाले. तोंडाला चव नाही म्हणाले. बाकी काही नाही."

बघा, तपशिलासकट. नुसतं 'काही नाही' म्हणालो असतो तर कदाचित कुणी खोदून विचारलं असतं. सार म्हटल्यावर कोण विचारणार?

मामाला तमिळ माझ्याइतकंच येत होतं. त्यानं ते ऐकलं. तो एका शब्दानं मला उघडा पाडू शकत होता. त्यानं खाली पाहिलं आणि बोटांना चिकटलेली वाळकी खळ सोलत उभा राहिला. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं ठरलं. त्याच आठवड्यात त्याला काढलं आणि मूर्ती बाहेर ओढून कालव्याकाठी जाळल्या. फायबरचे डायनोसॉर आले. ओलीनं त्यांच्या मोटरी दुसऱ्या पावसाळ्यातच बसल्या, आणि तिसऱ्या वर्षी शेडला कुलूप लागलं. असिस्टंट मॅनेजर? मद्रासहून कुणाचा तरी भाचा आला. मला हे सांगताना स्वतःचं हसूही येत नाही, नुसता संताप येतो. कितीतरी वर्षं मी मामावरही चिडून होतो — का नाही बोललास? बोलला असतास तर सुटलो असतो! केवढा निर्लज्जपणा. मी खोटं बोलायचं, आणि खरं बोलायची जबाबदारीही त्याची.

ऑफिसातून मामा थेट आमच्या घरी आला होता. मी त्याच्याआधी पोचून मागच्या अंगणात हात धूत होतो. त्याला पोटाचा जुना विकार, चिंच वर्षानुवर्षं बंद, आणि आमचं सार चिंचेचं. तो ओसरीवर बसला आणि आईला म्हणाला, "गंगा, थोडं सार करून पाठिव. तोंडास रुचि नाहीं."

"पोटास सोसेल का तुज, अण्णा?" आईनं विचारलं.

"सोसेल," मामा म्हणाला.

माझं खोटं कधी आईपर्यंत आलं, तर ते तिला खरं वाटावं, म्हणून. दुसरं काय कारण असणार? त्यानंतर दर शुक्रवारी आई सार करायची आणि डबा माझ्याच हाती द्यायची. मामा माझ्यासमोर बसून ते सगळं प्यायचा. मग रिकामा डबा मी घरी न्यायचो. दोन वर्षं हे चाललं. मग तो गेला — पोटानंच.

त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्याचं सगळं मी केलं. तेराव्याला आईनं पानावर सगळ्यांत आधी सार वाढलं, अण्णाला आवडायचं म्हणून. आज आई नाही, पण त्याच्या तिथीला आमच्या घरी अजून सार होतं. बायको करते. मुलं आपल्या मुलांना सांगतात की पंचूआजोबांना हे फार आवडायचं. मी मान हलवतो, आणि पुन्हा वाढून घेतो.