पाखरू कोनाचं हाय?

दसऱ्याच्या सुट्टीनंतर लॅबचं दार उघडलं, तर फरशीवर पाणी. ओघळ फ्रीजरखालून आलेला. फ्रीजरवर झेंडूचा हार, दारावर हळदीकुंकू, आणि भिंतीवरचं बटण बंद. बटणालाही कुंकू लावलेलं.

आत माझं पाखरू होतं.

मी खारघरच्या एका कॉलेजात पतंगांवर पीएचडी करते. दिव्यावर येणारे पतंग, ज्यांना आमच्या शिरवणे गावात झाडूनं हाकलतात. कोण कोणाच्या जवळचं, हे नुसत्या पंखांवरून ठरवायला गेलं की हमखास फसायला होतं. म्हणून आम्ही त्यांच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए वाचतो. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ताकद पुरवणारे बारीक कण. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, गोल कड्यासारखा, आणि तो आईकडून येतो. बऱ्याच पतंगांची कडी शेजारी शेजारी ठेवून अक्षरं जुळवली की कोण सख्खं, कोण चुलत, ते कळत जातं.

हे पाखरू बाबांनी आणलेलं. ते पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला आहेत. एकदा पाळीवरून आले आणि रिकामा डबा माझ्यासमोर धरला. "ने गो, तुज्यासाठी हाय." आत एक पंख फाटलेलं राखाडी पाखरू. माझ्या गाईड मॅडमनी ते भिंगाखाली धरलं आणि खुर्चीत ताठच झाल्या. असलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पंखांच्या शिरा एका कुळाच्या, तोंड भलत्याच कुळाचं. त्यानंतर कारखान्याच्या ज्या दिव्याखाली ते सापडलं, तिथे बाबा रोज थांबायचे, पण दुसरं काही आलं नाही. मग कारखान्यामागची झाडीही तोडली. उरलं ते एवढंच. शिरांचा अभ्यास पुरा व्हायचा होता, म्हणून मॅडमनी ते अल्कोहोलमध्ये न बुडवता कोरडंच एका नळीत गोठवलं होतं.

आणि बाबांचा येताजाता एकच प्रश्न, गावात नवं माणूस दिसलं की विचारतात तसाच. "कोनाचं हाय ते, कललं का?"

नळी उघडली तर कुजका वास. माझं डोकंच फिरलं. "कोणाचा शहाणपणा हा? समोर येऊ दे, सोडतच नाही!" एकटीच ओरडत होते.

"मी बंद केला," दारातून आवाज आला. मॅडम उभ्या होत्या. पाण्याकडे बघत म्हणाल्या, "खंडेनवमीची पूजा केली ना. आमच्याकडे त्या दिवशी विळीलासुद्धा हात लावत नाहीत. एकेक यंत्र पुसलं, बंद केलं, हळदीकुंकू वाहिलं. हात फिरत गेला गं सवयीनं."

हातमोज्याशिवाय नळीला बोट लावलं म्हणून सगळ्यांसमोर मला झापणारी बाई ही! राग इतका आला की रडूच फुटलं. मी फरशी पुसायला घेतली. बोलले असते तर राडा झाला असता.

"आजच काढू डीएनए," त्या म्हणाल्या. नळी घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "नको, तूच कर. आज माझा माझ्यावरच भरवसा नाही."

अख्खं पाखरू वाटावं लागणार होतं. फसलं तर हातात शून्य. आशा एकाच गोष्टीची होती: पेशीच्या केंद्रातल्या डीएनएच्या जेमतेम दोन प्रती असतात, पण मायटोकॉन्ड्रियाची ही कडी शेकड्यांनी. कुजताना सगळ्यांचे तुकडे पडले, तरी एवढ्यांतून एक अख्खं कडं जुळेल. कदाचित. मी श्वास रोखून वाटलं. मॅडम शेजारी उभ्या राहून घड्याळ लावत होत्या.

नमुना वाचायला पाठवला आणि आमचा जीव टांगणीला लागला. घरी बाबांनी विचारलं की मी "चाललंय" म्हणायचे आणि ताटात मान घालायचे. फ्रीजरचं सांगायची हिंमत होत नव्हती.

निकाल आला तेव्हा दोघी एकाच पडद्याला चिकटलो. तुकडे जुळत गेले, जुळत गेले, आणि एका जागी अडले. मध्ये भोक. "थांब, घाई करू नकोस," मॅडम पुटपुटल्या. बाजूला टाकलेले तुकडे पुन्हा चाळले. एक बसला. मग दुसरा. शेवटची अक्षरं पहिल्या अक्षरांवर येऊन टेकली. कडं पुरं झालं! मी चक्क किंचाळले. मग इतर पतंगांशी ताडून पाहिलं. परत परत पाहिलं, उत्तर तेच आलं.

"बाबांना लाव फोन," मॅडम म्हणाल्या. "स्पीकरवर."

"कोनाचं निघालं?" बाबांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"आपल्या खाडीवर तिवरांचा पाला खाणारं ते तपकिरी पाखरू आहे ना, सगळ्यात जवळचं तेच."

"आँ? म्हंजे घरचंच की!" बाबा खुशीत हसले.

मॅडमनी फोन स्वतःकडे ओढला. "नमस्कार, मी तिची मॅडम. तुमचं पाखरू माझ्यामुळे कुजलं होतं. पूजेच्या दिवशी फ्रीजर मीच बंद केला. घालवलंच होतं मी ते. तुम्हाला कळायला हवं."

पलीकडे यंत्रांची घरघर मागे पडत गेली; बाबा बाजूला येत होते.

"बाई," बाबा म्हणाले, "तुमी पूजा केलीत म्हनूनच वाचलं ते."

पेशीतल्या त्या शेकडो कड्यांबद्दल सांगायला मी तोंड उघडलं. मॅडमनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मी तोंड मिटलं.