जाऊबाईंचे आधी सुटले

ऐंशीनंतरची गोष्ट. बांधावरच्या मारामारीत आमचे हे आणि थोरले दीर रत्नागिरीच्या तुरुंगात गेले. शिक्षा सारखीच झाली. आत दुसऱ्या बाजूच्या माणसांनी ह्यांना मारलं, म्हणून जपण्यासाठी ह्यांना वेगळ्या कोठडीत ठेवलं. दीर तुरुंगाच्या बागेत राबायचे, त्याबद्दल त्यांची शिक्षा कमी होत गेली.

भेटीच्या दिवशी मी तुरुंगाच्या साहेबांना विचारलं, "मार ह्यांनी खाल्ला, मग ह्यांना शिक्षेत माफी का नाही?"

"कोठडीत काम नाही, बाई. काम नाही तर माफी नाही."

दीर गणपतीआधी घरी आले. जाऊबाई म्हणाल्या, "तुझे पण येतील गो." त्यांच्या हातांतल्या नव्या बांगड्या बघून माझा जीव इतका जळला, की मी आरतीलाही उभी राहिले नाही.

हे शिमग्यानंतर सुटले.