डाव्या बॅकचा गुडघा

इटलीतल्या एका फुटबॉलपटूचा उजवा गुडघा पांढुर्ण्यातल्या दोन घरांना पाठ होता. एक घर माझं, दुसरं माझ्या मित्राचं. त्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया कधी झाली, त्यातून पाणी कधी काढलं, पट्टा बांधून तो सरावाला पुन्हा कधी उतरला, हे आम्हाला नात्यातल्या आजारपणांपेक्षा नीट ठाऊक होतं. त्या खेळाडूला मात्र पांढुर्णा नावाचं गाव जगात आहे याचा पत्ता नव्हता. आता तो लागण्याचं कारणही उरलेलं नाही.

तो मोठा खेळाडू नव्हता. समुद्राकाठच्या एका लहान गावातला मेकॅनिकचा मुलगा. शाळकरी वयात शहरातल्या मोठ्या क्लबने त्याला मुलांच्या संघात घेतलं, वाढवलं, आणि मोठ्या संघात कधी खेळवलंच नाही. दर वर्षी कुठल्या तरी दुसऱ्या क्लबकडे पाठवायचे. इटालियन बातमी फोनवर हिंदीत होऊन यायची आणि त्यात लिहिलेलं असायचं की त्याला अमुक क्लबला 'ऋण पर' दिलं.

"मानूस उधार देते?" मित्राने पहिल्यांदा विचारलं होतं.

"देते म्हनून लिहिलं हाय."

"मंग वापस कवा घेते?"

"सीझन संपला का."

"म्हंजे आपल्या बोरगावच्या ठेकेदारासारखंच," तो म्हणाला आणि खो-खो हसला. बोरगावच्या कारखान्यात त्याने उमेदीची सगळी वर्षं ठेकेदाराचा माणूस म्हणून काढली होती. आज या शेडमध्ये, उद्या त्या. त्याला हे लगेच समजलं.

मित्र आणि मी शाळेत एकाच संघात होतो. तो डावा बॅक, मी गोलकीपर. मागे न बघता तो चेंडू माझ्याकडे ढकलायचा. मी तिथे असणारच, हे त्याने धरलेलं असायचं. एकदोनदा मी जागेवर नव्हतो आणि गोल झाला. संघातली बाकीची पोरं माझ्यावर तुटून पडली, तो काही बोलला नाही. पुढच्या वेळी पुन्हा न बघताच चेंडू मागे दिला.

पुढे मला सौसरला सरकारी कचेरीत नोकरी लागली, त्याला बोरगावला. फुटबॉल सुटला. मग त्याला शुगर निघाली, त्याने ती मनावर घेतली नाही, आणि पन्नाशीच्या आत आधी डोळे गेले, मग किडन्या. डोळे अगदी गेले नव्हते. माणूस आला हे कळायचं, कोण आला ते आवाजावरून. आठवड्यातून दोनदा वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याला रेल्वेने नागपूरला डायलिसिसला न्यायच्या. एरवी त्या घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की चालवत. मागच्या खोलीत तो खाटेवर पडून चक्कीचा आवाज ऐकत राही.

हा इटलीवाला त्याला नजर होती तेव्हाच सापडला होता. टीव्हीवर कुठलासा सामना चालू होता. याला शेवटी शेवटी डावा बॅक बदली म्हणून उतरवलं आणि पाच मिनिटांत याने गोलरेषेवरून एक चेंडू बाहेर काढला. कॅमेरा लगेच दुसरीकडे गेला. मित्राला ते लागलं. "पाह्यलं? याले कोनी पाह्यलंच नाई. हा आपला मानूस हाय." तेव्हापासून तो आमचा झाला. वरच्या डिव्हिजनमध्ये त्याला एकच पूर्ण वर्ष मिळालं. त्या वर्षी आम्ही दोघं फार सुखात होतो, असं आज वाटतं. मग गुडघा गेला. तो दुसऱ्या डिव्हिजनला आला, पुन्हा गुडघा गेला, तिसऱ्या डिव्हिजनला आला. नजर गेल्यावर मित्र मला बातम्या वाचायला लावायचा. रविवारी तिकडे दुपारचा सामना असायचा आणि आमच्याकडे दिवेलागण. मी फोन घेऊन खाटेजवळ बसायचो आणि तो विचारायचा, "खेळून राह्यला का?" बहुतेक वेळा तो बाकावर बसलेला असायचा. "बसला तरी चालते," मित्र म्हणायचा, "कपडे त घालून हाय."

तिसऱ्यांदा गुडघा गेला तेव्हा मित्राचंही अंग फार ढासळलं होतं. नागपूरहून आला की दिवसभर बोलायचा नाही. वहिनींना म्हणायला लागला होता की आता पुरे, मला नेऊ नका. एका रविवारी मी बातमी वाचली की शस्त्रक्रिया झाली आहे, पण तो पुन्हा खेळेल की नाही हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. मित्राने कूस बदलली. मग म्हणाला, "तू रोज सौसरले जातं न? जामसांवलीले जाऊन येशीन का माह्यासाठी?"

जामसांवलीच्या देवळातला मारुती आडवा झोपलेला आहे. त्याच्यापाशी आजारी माणसं येतात, मुक्काम करतात, तिथलं पाणी पितात. माझ्या रोजच्या वाटेपासून ते फार दूर नाही. पण आम्ही बौद्ध. माझा बाप दुसऱ्याच्या शेतात राबला, पण कुठल्या देवळाची पायरी चढला नाही, आणि मलाही चढू दिली नाही. आमच्या घरात नवस हा शब्दच नव्हता. मित्राला हे लहानपणापासून ठाऊक होतं.

"तुह्यासाठी नवस बोलू?" मी विचारलं.

"माह्यासाठी नाई बे. त्याच्यासाठी. त्याच्या गुडघ्यासाठी."

"अबे, इटलीच्या गुडघ्याशी मारुतीले काय करनं हाय?"

"गुडघा त गुडघाच हाय न." तो हसला नाही. "आपल्यासाठी मागाले मले लाज वाटते. त्याच्यासाठी माग. थो एकडाव मैदानात उतरला, तर मी बी समजीन का अजून टाइम हाय. नागपूरले जात राहीन. नाई उतरला, त मंग मले कोनी जबरदस्ती करू नका. माहा हिशोब साधा हाय."

वहिनी दारात उभ्या होत्या. चक्कीचं पीठ त्यांच्या भुवयांवर बसलं होतं. "जाऊन या भाऊजी," त्या म्हणाल्या. "तेवढे दिवस तरी हे गाडीत बसतीन."

मी हो म्हणालो.

मी गेलोही. शनिवार होता, गर्दी होती. बाहेरच्या दुकानातून नारळ घेतला, चप्पल काढली, रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे एक म्हातारी तिच्या जवान मुलाला धरून उभी होती. तो एकसारखा मान हलवत होता आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला वाटलं, या बाईपुढे मी कोण, आणि मागायला काय आलो आहे? मग बाप आठवला. मी रांगेतून बाहेर आलो.

तेव्हा बरेच दिवस मी स्वतःला हे असंच सांगत होतो. बाप आठवला, तत्त्व आठवलं. पण बाप आठवायच्या आधी मला रांगेच्या पुढच्या टोकाला आमच्या कचेरीतला एक माणूस दिसला होता. त्याने मला पाहिलं असतं तर सोमवारी साऱ्या कचेरीत झालं असतं, आणि तिथून आमच्या मोहल्ल्यात. रोज विहारात बसणारा आता नारळ घेऊन मारुतीच्या दारात, असं. मला त्याची भीती वाटली. तत्त्वाची आठवण नंतरची आहे, आणि फार सोयीची आहे.

दुकानदाराने तोच नारळ फोडून दिला. त्याच्याकडून प्रसादाच्या चिरंजीदाण्याची पुडी घेतली. पाण्याची बाटली सोबत होती, ती दुकानामागच्या नळावर भरली. हे करताना हात थरथरले असं लिहिलं तर बरं दिसेल, पण थरथरले नाहीत. बस चुकेल म्हणून मी घाईत होतो.

मित्र खाटेवर उठून बसला. डायलिसिसवाल्याला पाणी मोजून असतं आणि नारळ तर चालतच नाही. त्याने दिवसाच्या पाण्यातून चमचाभर कमी केलं आणि बाटलीतलं एक चमचा प्यायला. वहिनी नको नको म्हणत असताना खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा तोंडात टाकला. मग चाचपत माझा हात धरला.

"तुह्या बापानं उभ्या जन्मात केलं नाई थे तू केलं बे," तो म्हणाला. "माह्यासाठी."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "आता झोप."

त्यानंतर त्याने हे सगळ्यांना सांगितलं. दळण घेऊन येणाऱ्या बायांना, डॉक्टरला, रेल्वेत शेजारी बसलेल्यांना. हा माझा गोलकीपर, हा विहारवाला माणूस, माझ्यासाठी जामसांवलीला रांगेत उभा राहिला. तो नागपूरला जाऊ लागला, कुरकुर न करता. गाडीत गाणी म्हणतो असं वहिनी सांगायच्या. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. खोट्या नारळाने का होईना, माणूस गाडीत बसतो आहे. इटलीत तो खेळाडूही पट्टा बांधून धावायला लागला होता. मी दर रविवारी वाचायचो: आज मैदानाला चकरा मारल्या, आज चेंडूला पाय लावला.

मग एका रविवारी बातमी आली की तो थांबतो आहे. गुडघ्याने साथ दिली नाही. फोटोत तो रिकाम्या मैदानात गवतावर बसला होता, बूट बाजूला काढलेले. डोक्यावरचे केस बरेच गेले होते. मला हे आधी कधी दिसलं नव्हतं.

ही बातमी दाबता आली असती. अजून पळतो आहे, असं वर्षभर सांगता आलं असतं. पण एक खोटं आधीच माझ्या छातीवर बसलेलं होतं, दुसरं उचलायची ताकद नव्हती. मी जशी होती तशी वाचून दाखवली. खरं बोलायला मी नेमकी तीच जागा निवडली.

"बरं," मित्र म्हणाला. थोड्या वेळाने, "मारुतीनं सांगतलं मंग."

पुढच्या वारी वहिनींनी स्टेशनला जायला ऑटो बोलावला, तो उठला नाही. त्याच्या पुढच्या वारीही नाही. नागपूरच्या डॉक्टरने फोनवर सांगितलं की असं केलं तर फार दिवस नाहीत. त्याचे पाय सुजले, श्वास लागायला लागला. त्याने मारुतीला एक प्रश्न पाठवला होता. तो प्रश्न मी पोचवलाच नव्हता, आणि तो उत्तर मिळालं म्हणून मरायला निघाला होता. मी रोज जायचो, खाटेजवळ बसायचो, उठून घरी यायचो. सांगायचं तर सांगायचं काय, तुझ्या तोंडात टाकलेलं खोबरं दुकानातलं होतं? एकेक दिवस मी असा घालवला. त्याच्याकडे घालवायला दिवस नव्हते.

शेवटी वहिनींनीच मला पुढच्या खोलीत गाठलं. "भाऊजी, तुमचं ऐकते थे. काई तरी सांगा न."

मी आत गेलो आणि सांगितलं. सगळं. रांग, म्हातारी, कचेरीतला माणूस, नळ. "तुहा नवस कोनी बोल्लाच नाई गड्या," मी म्हणालो. "मारुतीले कोनी इचारलंच नाई. मंग त्यानं नाई म्हनलं कवा? उद्या आपन जाऊ. मी येतो संग."

तो श्वास घेत ऐकत राहिला. मग त्याच्या सुजलेल्या चेहऱ्यावर हसू आलं.

"तू लहानपनापासून असाच हायेस," तो म्हणाला. "तुले खोटं बोलता येत नाई बे."

"हे खरं हाय!"

"मले गाडीत बसवाचं म्हनून सांगून राह्यला. तुह्या वहिनीनं पाठवलं तुले." तो थांबला, दम घेतला. "अन् थे पानी?"

"नळाचं होतं."

"नळाचं असं गोड नसते."

मी त्याचे खांदे धरले. आईची शपथ घेतली. तो मान हलवत राहिला, अगदी मायेने, लहान पोराची समजूत काढावी तसा. "तू गेलता," तो म्हणाला. "तू माह्यासाठी गेलता. थे नको वापस घेऊ आता."

 मी त्याला बातम्यांपलीकडे कधी काही दिलं असेल तर ती न केलेली यात्रा होती, आणि ती तो सोडायला तयार नव्हता. मी मागे वळलो तर दारात वहिनी उभ्या होत्या. त्याने विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी ठेवला होता.

तो त्याच आठवड्यात गेला. एका दुपारी, चक्की चालू असताना. गिऱ्हाईक उभं होतं म्हणून वहिनींना आत जायला थोडा उशीर झाला.

महिना झाल्यावर मी गव्हाचा डबा घेऊन गेलो. दळण हे निमित्त होतं. वहिनींनी डबा वजनकाट्यावर ठेवला, उतरवला. माझ्याकडे न बघता विचारलं, "नळाचं होतं?"

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पट्टा चढवला आणि चक्की सुरू केली. त्या आवाजात पुढचं काही बोलता येण्यासारखं नव्हतं. पीठ खाली पडत होतं, आणि मी ते होईस्तोवर तिथे उभा राहिलो.